नैराश्यावरची गोळी सुरू केली आहे. पहिले आठवडे कसे काढलेत?

तळटीप
बरेच महिने आज जाऊ, उद्या जाऊ करत शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊन आले. मध्यम स्वरूपाचं नैराश्य आणि जोडीला चिंता, असं निदान झालं. एस्सिटालोप्राम सुरू केली आहे. आधी ५ मिलिग्रॅम, मग १०. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतील, पूर्ण परिणाम कळायला सहा ते आठ, असं डॉक्टर म्हणाले. मधल्या काळात 'थोडं मळमळेल' असंही म्हणाले.

थोडं? सकाळी गोळी घेतली की दुपारपर्यंत तोंडाला पाणी सुटत राहतं. ताट समोर आलं की नको होतं. हातांना बारीक कंप आहे. झोप लागते, पण पहाटे टक्क जाग येते. स्वप्नं इतकी तपशीलवार पडतात की त्यातलं कोण खरंच भेटलं होतं आणि कोण नाही हे उठल्यावर जुळवावं लागतं. आणि जांभया! झोप आलेली नसते, कंटाळा आलेला नसतो, समोरचा काहीतरी महत्त्वाचं बोलत असतो आणि मी जबडा निखळेल अशी जांभई देते. साहेबांनी विचारलंसुद्धा, रात्री जागरण झालं का म्हणून.

ज्या चिंतेसाठी गोळी घेतेय ती कमी व्हायची सोडून वाढल्यासारखी वाटतेय. बसल्या जागी छाती धडधडते. हे असंच असतं का, की मला ही गोळी मानवत नाहीये?

नैराश्य खरं की खोटं, फिरायला जा, चांगले विचार करा, या विषयांवर इतरत्र भरपूर लिहून झालंय, ते इथे नको. ज्यांनी गोळ्या घेतल्यात किंवा ज्यांच्या घरात कुणी घेतंय, त्यांनी लिहा.

पुन्हा_तीच
धागा काढलास ते बरं झालं. मी सर्ट्रालिनवर आहे, ही दुसरी खेप. मधली काही वर्षं गोळीशिवाय छान गेली, मग परत खाली आले. त्यामुळे यावेळी पहिल्या आठवड्यांत काय वाढून ठेवलंय ते माहीत होतं, आणि तरीही त्रास व्हायचा तो झालाच. मळमळ कमी, पण पोट साफ बिघडलं. बाहेर पडायच्या आधी स्वच्छतागृह कुठे आहे याचा हिशेब करायचे.

मला उपयोग झाला तो दोन गोष्टींचा. गोळी रिकाम्या पोटी न घेता भरपेट खाऊन घ्यायची. आणि डॉक्टरांना विचारून २५ मिलिग्रॅमवर जरा जास्त दिवस राहून मग ५० वर गेले. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटाकडे पोट ताळ्यावर आलं. मन ताळ्यावर यायला त्याहून बराच वेळ लागला. हाच सगळ्यात वाईट टप्पा आहे, त्रास रोख आणि फायदा उधार. बरेच लोक इथेच गोळी सोडून देतात, आणि मग आयुष्यभर सांगत फिरतात की मला औषध लागू पडलं नाही.

वाचनमात्र
जांभयांना +१. मला वाटत होतं मीच एकटा.

औषधवाला
मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. मळमळ का होते ते सांगतो, कारण कळलं की निम्मी भीती जाते असा काउंटरवरचा अनुभव आहे. सेरोटोनिन म्हटलं की लोकांना मेंदू आठवतो, पण शरीरातलं जवळपास ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरॉक्सेटिन ही सगळी मंडळी सेरोटोनिन पुन्हा शोषून घेणारा पंप अडवतात. तो पंप मेंदूत आहे तसा पोटातही आहे. गोळीला कुठे जायचं ते निवडता येत नाही. पोटाला नव्या पातळीची सवय व्हायला साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर मळमळ, जुलाब, भूक मंदावणं हे सगळं.

इथे लोक एक उद्योग करतात तो करू नका: घरात पडलेली उलटीची गोळी घेणं. ऑन्डान्सेट्रॉन आणि एस्सिटालोप्राम या दोन्हींचा हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम होऊ शकतो. एकत्र द्यायच्या की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्या.

डोकेदुखी-अंगदुखीचंही तसंच. नैराश्याच्या या गोळ्यांसोबत आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन घेतली तर पोटातून रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते. साध्या डोकेदुखीला पॅरासिटामॉल बरी. ट्रॅमाडॉल नावाची वेदनाशामक आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध, ही दोन नावं लक्षात ठेवा. दोन्ही सेरोटोनिन आणखी वाढवतात. ताप, घाम, कंप, स्नायू ताठर होणं, गोंधळल्यासारखं वागणं हे सगळं एकदम दिसलं तर वाट न बघता तातडीच्या विभागात जायचं. क्वचित होतं, पण होतं. म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, दाताच्या का असेना, तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगा. लोक लाजून लपवतात. साखरेची गोळी कुणी लपवत नाही.

तळटीप
पोटात पण असतं हे माहीतच नव्हतं. सगळ्यांचे आभार. आजपासून जेवून मग गोळी.

जुना_कंदील
आमच्याकडे वडिलांना दिली होती. वय सत्तरीच्या पुढे. आई गेल्यावर ते बोलायचेच बंद झाले होते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी आधीपासून चालू होती. एस्सिटालोप्राम सुरू केल्यावर काही दिवसांनी चालताना तोल जाऊ लागला. मग एका संध्याकाळी त्यांनी मला माझ्या काकाच्या नावाने हाक मारली, आणि चूक लक्षातही आली नाही त्यांच्या. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, वय झालं, दुःखाने असं होतं. माझी बहीण हट्टाने रक्त तपासायला घेऊन गेली. सोडियम फार खाली गेलेलं निघालं.

दवाखान्यात ठेवावं लागलं. सोडियम वर आल्यावर माणूस पुन्हा जागेवर. नंतर गोळी बदलून मिर्टाझापिन दिली, ती मानवली. झोप लागायला लागली, भूकही आली. वजन वाढलं, पण त्यांच्या बाबतीत ते हवंच होतं.

घरात वयस्कर कुणी असेल आणि त्यांना ही औषधं सुरू होत असतील तर सोडियमची तपासणी कधी करायची ते पहिल्या भेटीतच विचारून घ्या. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

डॉ_अर्धविराम
मानसोपचार शाखेत काम करतो. इथे कुणाचं वैयक्तिक निदान करणार नाही, डोस सांगणार नाही. जुना_कंदील यांनी लिहिलंय ते फार महत्त्वाचं आहे. वय जास्त, त्यात लघवीची गोळी, म्हणजे हा धोका वाढतो, आणि गोंधळलेपण 'वयामुळे' म्हणून सोडून दिलं जातं.

तळटीप यांच्या प्रश्नाबद्दल. सुरुवातीला चिंता वाढणं, अस्वस्थ वाटणं, धडधडणं हे या गटातल्या औषधांनी होतं, आणि ज्यांना मुळात चिंतेचा त्रास आहे त्यांना जास्त. म्हणूनच छोट्या डोसने सुरुवात करतात. काही वेळा पहिल्या थोड्या दिवसांपुरती क्लोनाझेपामसारखी चिंता शमवणारी गोळी जोडीला देतात. ती लवकर थांबवायची असते, तिची सवय लागते. पहाटे जाग येत असेल तर गोळी सकाळी घ्यावी, पेंग येत असेल तर रात्री, हा बदल एका फोनवर विचारून होतो. पुढच्या भेटीपर्यंत सोसत बसायची गरज नाही.

तीन परिस्थितींत मात्र त्याच दिवशी संपर्क करायचा.

एक, मरणाचे किंवा स्वतःला इजा करायचे विचार नव्याने आले किंवा वाढले. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ मध्ये लहान मुलं आणि किशोरांसाठी या औषधांवर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. याचा अर्थ तरुणांना औषध द्यायचंच नाही असा नाही. सुरुवातीला आणि डोस बदलताना घरच्यांनी जवळून लक्ष ठेवायचं, असा आहे.

दोन, एका जागी बसवत नाही, पाय सतत हलवावेसे वाटतात, कातडीतून बाहेर पडावंसं वाटतं अशी तगमग. ही नेहमीची चिंता नव्हे. रुग्ण ती सांगताना रडतात.

तीन, अचानक खूप छान वाटायला लागणं. झोप कमी आणि थकवा नाही, बोलणं वेगात, पैसे उडवणं, मोठमोठे बेत. नातेवाईक खूश होतात की औषध लागू पडलं. ते द्विध्रुवी (बायपोलर) विकाराचं लक्षण असू शकतं आणि तिथे उपचाराची दिशाच वेगळी असते. घराण्यात कुणाला असा आजार असेल तर पहिल्याच भेटीत सांगा.

उलटतपासणी
अप्रिय प्रश्न विचारतो, राग मानू नका. सेरोटोनिन कमी झाल्याने नैराश्य येतं याला ठोस पुरावा नाही, असा आढावा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. बराच गाजलाही. मग सेरोटोनिन वाढवणारी गोळी नक्की कशासाठी? पोट बिघडतं, झोप बिघडते, वर ही फायद्याची उधारी. काळ जाईल तसं माणूस आपोआप बरा होत असेल आणि श्रेय गोळीला मिळत असेल, असं नसेल कशावरून?

पुन्हा_तीच
आला. आता शंभर प्रतिसाद यावरच होणार.

डॉ_अर्धविराम
प्रश्न रास्त आहे. 'मेंदूत रसायन कमी पडलंय, ते गोळीने भरून काढू' हे वाक्य रुग्णाला पटकन समजतं म्हणून वर्षानुवर्षं वापरलं गेलं, आमच्यातल्या अनेकांनीही वापरलं. ते फारच सोपं करून सांगितलेलं होतं. पण औषध कसं काम करतं ते पूर्ण न कळणं आणि औषध काम न करणं या दोन निराळ्या गोष्टी. पॅरासिटामॉल नेमकी कशी काम करते यावर अजून वाद आहेत, ताप तरी उतरतोच.

काम करतं का, याचं उत्तर चाचण्यांतून मिळतं. २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ५२२ चाचण्यांचा एकत्र अभ्यास आला. २१ औषधं, १ लाख १६ हजारांहून जास्त रुग्ण. सगळी औषधं खोट्या गोळीपेक्षा, म्हणजे दिसायला तशीच पण आत औषध नसलेल्या गोळीपेक्षा, सरस ठरली, मात्र सरासरी फरक माफकच होता. काळाच्या ओघात बरं होणं दोन्ही गटांत धरलेलं असतं, म्हणून तर तुलना खोट्या गोळीशी करतात. सौम्य नैराश्यात मीही बऱ्याचदा आधी समुपदेशन सुचवतो. मध्यम ते तीव्र असेल तेव्हा गोळीचं पारडं जड होतं. आणि पहिलीच गोळी लागू पडेल असं नाही. अमेरिकेत चार हजारांवर रुग्णांचा स्टार-डी नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात पहिल्या औषधाने लक्षणमुक्त झालेले साधारण एक तृतीयांश होते.

उलटतपासणी
'माफक' हा शब्द डॉक्टरांनीच वापरला, त्याबद्दल आभार. माझं समाधान निम्मं झालं.

सांजपाखरू
कुणी लिहीत नाहीये म्हणून मी लिहिते. लैंगिक इच्छा जाणं. पॅरॉक्सेटिनवर होते तेव्हा इच्छा शून्य, आणि इच्छा झालीच तरी शेवटापर्यंत पोचणं अशक्य. नवऱ्याला वाटत राहिलं की माझं त्याच्यावरचं मन उडालं. मला वाटत राहिलं की हा नैराश्याचाच भाग. पत्रकात बारीक अक्षरात होतं, पण डॉक्टरांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. शेवटी दोघं मिळून गेलो, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, हा या औषधाचा ठरलेला परिणाम आहे आणि मळमळीसारखा आपोआप जाईलच असं नाही. हळूहळू बुप्रोपिऑनवर आणलं. बराच फरक पडला.

वाचनमात्र
हे लिहायला धाडस लागतं. पुरुषांच्या बाजूने एवढंच, आमच्यातही हेच होतं आणि आम्ही तर त्याहून कमी बोलतो.

औषधवाला
सांजपाखरू, छान लिहिलंत. फक्त बुप्रोपिऑन सगळ्यांना चालत नाही. फिट येण्याचा इतिहास असेल किंवा खाण्याचे विकार असतील तर देत नाहीत. आणि चिंता जास्त असेल तर काहींची ती आणखी वाढते.

अवांतर: या औषधांचा जन्मच अवांतर आहे. इप्रोनियाझिड हे क्षयरोगासाठी होतं, रुग्ण अनपेक्षितपणे उल्हसित दिसायला लागले म्हणून लक्ष गेलं. इमिप्रामिन स्किझोफ्रेनियासाठी वापरून पाहत होते, तिथे उपयोग झाला नाही. रोलांड कून या स्विस डॉक्टरांना नैराश्यात गुण दिसला, १९५७ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. त्या जुन्या पिढीने तोंड कोरडं, बद्धकोष्ठता, अंधुक दिसणं असे त्रास व्हायचे, आणि जास्त गोळ्या पोटात गेल्या तर जिवावर बेतायचं. फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत डिसेंबर १९८७ मध्ये मंजुरी मिळाली, तिचं कौतुक गुण जास्त म्हणून कमी आणि धोका कमी म्हणून जास्त झालं.

गणिताची_वही
सुरू करण्याचं बोलणं चाललंय, मी सोडण्याचं लिहितो, कारण सुरू करतानाच हे माहीत असलेलं बरं. मी व्हेनलाफॅक्सिनवर. एकदा प्रवासात पट्टी संपली आणि तिथल्या दुकानात तीच गोळी नव्हती. दुसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात सर्रकन झटका. चौकोनी बॅटरी जिभेला लावल्यावर जसं चरचरतं, तसं डोक्याच्या आत. दुखत नाही, पण जिना उतरताना कठड्याला धरून उभा राहिलो. सोबत चक्कर, चिडचिड आणि कारण नसताना डोळ्यांत पाणी. मला वाटलं आजार उलटला. गोळी मिळाल्यावर दिवसभरात सगळं गायब, म्हणजे आजार नव्हताच तो.

आता प्रवासाला निघताना गोळ्या दोन वेगवेगळ्या बॅगांत ठेवतो.

डॉ_अर्धविराम
अगदी नेमकं वर्णन. व्हेनलाफॅक्सिन शरीरातून काही तासांत निघून जातं, पॅरॉक्सेटिनही लवकर जातं, म्हणून त्यांना हा त्रास जास्त. फ्लुओक्सेटिन आणि त्यापासून शरीरात तयार होणारं द्रव्य आठवडे रेंगाळतं, त्यामुळे ते स्वतःच हळूहळू उतरतं. याला व्यसन म्हणत नाहीत, डोस वाढवत नेण्याची ओढ यात नसते, पण शरीराला सवय झालेली असते हे खरं.

बरं वाटायला लागल्यावर निदान सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायची, मग टप्प्याटप्प्याने उतरायचं. २० वरून १० वर येणं सोपं जातं, ५ वरून शून्यावर येणं अवघड. शेवटचे टप्पे जितके बारीक तितके चांगले. घाई नको. गरोदरपणाची बातमी कळल्यावर घाबरून एकदम बंद करणाऱ्याही खूप जणी असतात. तसं करू नका, आधी बोला.

तळटीप
मधे लिहायला जमलं नाही. अपडेट देते. मळमळ जवळजवळ गेली. कंप गेला. पहाटेची जाग अजून आहे. नवीन पाहुणा म्हणजे झोपेत दात आवळणं, सकाळी कानशिलं ठणकतात. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले हाही गोळीचाच उद्योग असू शकतो, टिकला तर डोसचं बघू, तोवर दंतवैद्यांकडून रात्री दातांवर बसवायचं कवच करून घ्या.

इथे वाचून एक वही केली. गोळीची वेळ, झोप, पोट, आणि मन शून्य ते दहात किती. शेवटचा रकाना मी रोज तोच आकडा लिहीत होते. परवा नवऱ्याने वही चाळली आणि म्हणाला, आकडा तोच आहे, पण पहिल्या पानावर तू फक्त आकडा लिहिलायस आणि आता खाली चार ओळी लिहितेस. तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. अंघोळीला जायला आता स्वतःला ढकलावं लागत नाही, एवढं मात्र नक्की.

जुना_कंदील
बाबांच्या बाबतीतही आम्हालाच आधी दिसलं. ते म्हणायचे काही फरक नाही, आणि म्हणता म्हणता पेपर मागून घ्यायचे.

सांजपाखरू
तळटीप, पुढे कधी सगळं सपाट वाटायला लागलं, म्हणजे वाईट नाही पण चांगलंही नाही, रडू येत नाही आणि हसूही वरवरचं, तर तेही सांग डॉक्टरांना. बऱ्याच जणांना होतं, आणि डोस कमी केल्यावर सुधारतं. 'बरी आहे' म्हणून सोडून देऊ नकोस.

नवाच_आलो
पूर्ण धागा वाचला. उद्यापासून फ्लुओक्सेटिन सुरू करतोय. प्रश्न साधा आहे: एखाद्या दिवशी गोळी घ्यायची राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या का?

औषधवाला
नाही, दोन एकदम कधीच नाही. त्याच दिवशी आठवलं तर आठवल्यावर घ्या, पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या आणि नेहमीच्या वेळेला एकच घ्या. फ्लुओक्सेटिनवाल्यांना एखादी चुकल्याचा सहसा पत्ताही लागत नाही, व्हेनलाफॅक्सिनवाल्यांना संध्याकाळपर्यंत कळतं. आणि ती सकाळी घ्या, रात्री घेतली तर बऱ्याच जणांची झोप उडते.